पितळी खुणांमधलं अंतर

नदीवरचा रेल्वेपूल एकशे सात वर्षांचा होता, आणि त्याचा तिसरा खांब गेल्या चाळीस वर्षांत चार मिलिमीटर सरकला होता. निदान नोंदवही तरी तसं म्हणत होती. ती वही सुरू करणारे निवृत्त पूल-निरीक्षक पहाटेपासून तिच्यात डोकं खुपसून बसले होते. समोर त्यांची लेक, आता त्याच पुलाची अभियंता, घड्याळाकडे पाहत होती. खांब सरकतोय असं तिने दुपारपर्यंत लिहून दिलं, की पूल कायमचा बंद होणार होता.

“बाबा, आकडे तुमचेच आहेत. मग आता शंका कसली?”

“खांब खडकावर उभा आहे. आणि सरकला तो किती शिस्तीत, बघ! दर पाच वर्षांनी अर्धा मिलिमीटर. महापुराच्या वर्षीही तेवढाच. इतका वक्तशीर तर मीसुद्धा नव्हतो.”

“आईचंही तेच म्हणणं आहे.”

ऊन चढून लोखंड प्रसरण पावण्याआधी दोघं पुलावर पोचली. खांबाच्या दगडात एक आणि समोर पुलाच्या लोखंडी गर्डरच्या टोकाला एक, अशा दोन पितळी खुणा निरीक्षकांनीच बसवून घेतल्या होत्या. तेव्हा त्यांच्यात बरोबर साठ मिलिमीटर अंतर होतं; वहीतल्या शेवटच्या नोंदीत ते छप्पन्न होतं. पुढे दर रंगकामानंतर मदतनीस खाली उतरून मोजायचा आणि निरीक्षक वरून वही उघडून विचारायचे, “हं, किती?” त्यांच्या जागी आलेल्यांनीही तोच शिरस्ता पाळला.

आज गुडघे कुरकुरत असतानाही ते स्वतः शिडी उतरले. खाली म्हातारा रंगारी काम करत होता.

“पितळ कुठे गेलं?” निरीक्षकांनी विचारलं. समोर दोन करड्या गुठळ्या होत्या.

“आहे की आत. तुमचाच हुकूम, साहेब. तसूभर जागा कोरी दिसली तर पगार कापीन म्हणाला होतात. आपण कधी हयगय केली नाही.”

निरीक्षकांनी हात पुढे केला. “खरवडणी दे.”

रंगाचा पापुद्रा निघाला. त्यांनी तो उजेडात आडवा धरला आणि थर मोजले. आठ रंगकामं, दर वेळी दोन हात. दुसऱ्या खुणेवरही तेवढेच. दोन्ही पितळं चकाकू लागली, तेव्हा लेकीने मोजपट्टी लावली.

“साठ,” ती म्हणाली. तिने खात्रीसाठी पुन्हा मोजलं. “साठच. खांब जागचा हललेला नाही, बाबा.”

“वर गर्डरचे काही रिवेट सैल झालेत, ते मात्र लिहायला विसरू नकोस. तो दोष खरा आहे.”

“लिहिते. पण या चार मिलिमीटरचं कारण काय देऊ?”

“रंग. दोन्ही खुणांवर दोन-दोन मिलिमीटर. आणि पुढे लिही, पहिला निरीक्षक अठ्ठावीस वर्षांत एकदाही खाली उतरला नाही.”

“अहो बाबा, एवढं कशाला...”

“लिही. आकडे माझे म्हणालीस ना? मग चूकही माझीच.”

तिने वही गुडघ्यावर टेकवून लिहायला घेतलं. तेवढ्यात कोऱ्या पितळाकडे बघून रंगाऱ्याने सवयीने ब्रश डब्यात बुडवला.

“अहो!” बापलेक एकदम ओरडली.