खांद्यावरची बोटं

भिवाजीचा बाण पाचव्यांदा हुकल्याचं गावात कळलं आणि दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या धाकलूला दिवसभराचं काम मिळालं.

“तात्या, कशेळ्याच्या बाजारात चाललोय. बाणांची जुडी आणू का एक? मेथीच्या शेजारीच मिळंल.”

“कशाला रं?” आतून दुकानदार ओरडला. “हुकलेले बाण भेकरंच गोळा करून आणून देत्यात तात्याला.”

भिवाजी तंबाखू मळत राहिला. त्याची बायको गौराबाई मीठ घ्यायला आली होती, तीही पदर तोंडाला लावून सगळ्यांबरोबर हसली. हसली नसती तर कोणीतरी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं आणि तेच तिला नको होतं. ते पाचही बाण तिनेच हुकवले होते.

भिवाजीला दोन वर्षांपासून धड दिसत नव्हतं. समोरचा माणूस म्हणजे धुक्यातला खांब. कर्जतच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करा म्हणाले. बाहेर आल्यावर त्याने रिक्षातच तिला बजावलं, “घरात बोलायचं नाय. मनोजला कळलं तर उद्यापासून मला खाटेवर बसवंल तो.” त्यांचा मुलगा मनोज खालापूरकडे एका कंपनीत कामाला होता. शेती आता त्याच्या दृष्टीने वडिलांच्या करमणुकीपुरतीच होती. गौराबाई गप्प राहिली. ताटात भाजी कुठे आहे ते बांगडी वाजवून सांगू लागली, उंबरठा आला की खोकू लागली. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग यंदा वालाला शेंगा धरल्या, शेंगा खायला रानातून भेकर, ते भुंकणारं लहान हरीण, उतरू लागलं आणि भिवाजीने आढ्याला टांगलेला बापाचा तीरकामठा खाली काढला.

“एक भेकर पाडलं की झालं,” तो म्हणाला. “मग कोण म्हनतो मला दिसत नाय?”

“अवं, आता कायदा हाय. पलीकडच्या गावात एका सशापायी माणूस आत घातला. अजून तारखांना जातोय तो.”

“तुला यायचं नसंल तर नको येऊ. मी एकटा बसंन.”

तिला भीती याचीच होती. एकटा बसला तर तो कशावरही बाण सोडेल.

शेताच्या कडेच्या ऐनाच्या झाडावरचा माळा तिच्या सासऱ्याच्या वेळचा. लाकडं बदलली, जागा तीच. ती नवी नवरी होती तेव्हा शिमग्याआधी सगळं गाव पारधीला निघे आणि या माळ्यावर उभा राहिलेला तरणा भिवाजी तिला बांधावरून दिसे. दोरी कानापर्यंत ओढायचा तो. बाण सुटल्याचा आवाज यायच्या आधी जनावर पडलेलं असायचं. सासूने तिला तेव्हाच शिकवलं होतं, माळ्यावर माणूस चढला की खालून हाक मारायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. आवाज झाला की जनावर गेलं आणि वर्षाची पारध बाटली. तिने तेच पुढे सुनेला, छायाला, शिकवलं होतं.

माळ्यावर बोलणं नसल्यामुळे दोघांनी बोटांची खूण ठरवली. ती त्याच्या पाठीमागे बसे. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की उजवीकडे, डाव्यावर की डावीकडे. एक बोट म्हणजे दहा पावलं. पाठीवर सबंध पंजा म्हणजे थांब. पहिल्या दिवशी भेकर डावीकडे होतं. तांबूस, ओल्या अंगाचं, कान हलवत शेंडे खुडणारं. तिच्या डोळ्यांसमोर पोलिसांची गाडी आली, मनोजचा चेहरा आला आणि तिचं बोट उजव्या खांद्यावर टेकलं. बाण बांधात घुसला. भेकर भुंकत पळालं. तिला इतकं हलकं वाटलं की पुढच्या चारही वेळा तिने तेच केलं. घरी येताना तो स्वतःलाच शिव्या घालायचा, दोरीला, वाऱ्याला, म्हातारपणाला. ती मागून चालायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एवढं फसवलं नव्हतं.

धाकलूने चेष्टा केली त्या संध्याकाळी भिवाजी शेतावर गेला तो बराच वेळ परतला नाही. ती शोधायला गेली. तो वालात गुडघे टेकून बसला होता. मातीवर हात फिरवत होता. एका ठिकाणी बोटं थांबली. खुरांचे ठसे त्याने आंधळ्याने देव चाचपावा तसे चाचपले. मग पावलं मोजत बाण घुसला होता त्या बांधाकडे गेला. पुन्हा परत आला. पुन्हा मोजली.

ती बांधाआडच उभी राहिली. ठसे एकीकडे होते आणि बाण दुसरीकडे.

रात्री तो भराभर जेवून उठला. बाणाचं पातं दगडावर घासत बसला. छाया म्हणाली, “तात्या, उद्या पण जाणार का? मला शेंगा तोडायच्या होत्या, बाजार हाय.”

“उन्हं आल्यावर जा गं,” गौराबाई घाईने म्हणाली. “आमी उतरल्यावर.”

“आई, तात्यांना वरनं दिसते की मी. भेकरावानी थोडीच दिसते?” छाया हसली.

भिवाजीही हसला.

पहाटे दोघं माळ्यावर चढली तेव्हा दवाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. शेतावर धुकं बसलेलं होतं. माथेरानच्या डोंगराची कड तेवढी हळूहळू उजळत होती. ती त्याच्या मागे बसली, पण आज त्याने खांदे पुढे ओढून घेतले होते. तिची बोटं पोचतील न पोचतील इतके.

बराच वेळ गेला. मग खाली आवाज आला. कट. थोडं थांबून, कट. शेंग खुडल्याचा.

भिवाजीची मान वळली. बाण दोरीला लागला.

गौराबाईने धुक्यात डोळे ताणले. तांबूस काहीतरी वाकलेलं, वालाच्या रांगेत पुढे सरकत होतं. कट. कट. जरा वर झालं आणि तिला शालीचा काठ दिसला. तांबडी शाल. शेजारी पाटी. छाया! बाजाराची गाडी चुकू नये म्हणून लवकर आली होती आणि सासूने शिकवलेलं पाळून तोंडातून शब्द काढत नव्हती.

गौराबाईने सबंध पंजा त्याच्या पाठीवर दाबला. थांब.

त्याने पाठ झटकली.

तिने पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी. तो कानाने नेम धरत होता. माळ्यावर बोलायचं नसतं. तरी ती कुजबुजली, “अवं, माणूस हाय.”

“गप.”

“छाया हाय! आपली छाया!”

“पाच डाव फसवलंस,” तो दातांतून म्हणाला. “ठसे बघितलेत मी. आता भेकराची छाया झाली का गं?”

दोरी मागे आली. ते हात अजून तरणेच होते. ती ओरडली, “छाया, पळ!” पण खाली सून माळ्यावरून कधी न आलेला आवाज ऐकून जागच्या जागी सरळ उभी राहिली, वर बघत. गौराबाईने त्याच्या खांद्यावरून अंग टाकलं आणि बाणाची काडी मुठीत धरली.

दोरी सुटली. काडी तिच्या तळव्याची सालटं काढत गेली आणि खाली कुठेतरी पाटी उलटल्याचा आवाज झाला.

मग छायाची किंकाळी.

भिवाजी दगड झाला. ती किंकाळी भेकराची नव्हती हे ओळखायला डोळे लागत नव्हते.

“छाया!” गौराबाईने हाक मारली. उत्तर येईना. एक श्वास, दोन. धुक्यात पाटी आडवी, शेंगा सांडलेल्या, पाटीच्या कामट्यांत बाण रुतलेला.

“आई...” खालून रडका आवाज आला. “आई, तात्यांनी मला... मी दिसले नाय का त्यांना?”

“लागलं का कुठं?”

“नाय.”

भिवाजीच्या हातातून तीरकामठा सुटला आणि फांद्यांवर आपटत खाली गेला. तो मागे वळला, चाचपडला आणि त्याचा हात तिच्या ओल्या तळव्यावर पडला. त्याने बोटं नाकाशी नेली.

“रगत हाय.”

“माझं हाय. जाऊ द्या. चला खाली.”

तो शिडीच्या तोंडाशी बसला. एक पाय खाली सोडला, पायरी सापडेना. इतके दिवस ती चढता-उतरता त्याच्या घोट्याला धरून पाय हळूच पायरीवर ठेवायची, कोणाला कळू न देता. आज तिचा हात चालत नव्हता. शिडीच्या पायथ्याशी छाया येऊन उभी होती, वर बघत.

गौराबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

“छाया,” ती मोठ्याने म्हणाली, “शिडी धर घट्ट. तात्यांना दिसत नाय. दोन वर्सं झाली.”

भिवाजीचा पाय हवेत तसाच राहिला. मग शिडी हलायची थांबली. छायाने ती धरली होती.

“डावीकडं जरा,” गौराबाई म्हणाली. “एक वीत खाली.”

त्याने पाय हलवला नाही. ती वाट बघत राहिली. तो विचारील, खरं सांगतेस का, असं तिला वाटलं. त्याने विचारलं नाही. पाय मात्र अजून हवेतच होता.

“मनोजला फोन करायला सांग तिला,” शेवटी तो म्हणाला. “डोळ्याचं आपरेशन करायचंय म्हनावं.”

आणि त्याने पाय डावीकडे, एक वीत खाली, टाकला.