नवरीची पुळी

लग्नाच्या आठवड्यातच सोनलच्या नाकाखाली, डाव्या अंगाला, पुळी आली. चिखले गावात बातमीला पाय फुटतात. पुळी मसुरीएवढी होती तेव्हा घरात कळली आणि वाटाण्याएवढी होईपर्यंत नवरदेवाकडे सरावलीला पोचली.

सोनल तलासरीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. म्हणजे पुळीविषयी घरात जेवढं ज्ञान होतं ते सगळं तिच्याकडे होतं. पण पुळीही तिचीच होती, त्यामुळे तिचं मत कोणी धरत नव्हतं.

डहाणूच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या आणि बजावलं, "हात लावायचा नाही. दाबायची तर अजिबातच नाही. या भागातल्या शिरा आत मेंदूच्या दिशेने जातात. गोळ्या चुकवू नका, आणि उपाशीपोटी घेऊ नका."

आई पुष्पाने एवढंच विचारलं, "शनिवारपर्यंत जाईल ना?"

"आई, आत जंतू आहेत. पांढऱ्या पेशी त्यांना पकडतायत. त्यांना त्यांचं काम करू दे."

"करू दे की. शनिवारच्या आत करू दे."

मग जयवंतीकाकीने लक्ष घातलं. काकी म्हणजे सोनलच्या मोठ्या काकांची बायको आणि घरातल्या लग्नकार्यांतलं शेवटचं न्यायालय. तिने स्वतःच्या तीन मुलींची लग्नं लावून दिली होती. त्यातली एक अजून तिच्याशी बोलायची.

"पू म्हणजे घाण," काकी म्हणाली. "घाण काढायची असते, सांभाळायची नसते."

"घाण नाही गं काकी. पुवात बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशीच असतात."

"अगो, लग्नघरात मेलेल्यांचं नाव काढू नकोस!"

सोनलला शिकवायची खोड. ती म्हणाली, "जंतू गिळता आले नाहीत की काही पेशी स्वतः फुटतात, आणि आतले धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात. जंतू त्यात अडकतो. पेशी मरते."

"जाळं टाकणाराच मेला तर मासे विकणार कोण?" काकीने विचारलं. मांडवात हशा पिकला. वाढवणहून आलेल्या पाहुण्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी गावात होऊ घातलेल्या बंदराची चर्चासुद्धा घटकाभर थांबवली.

हळदीच्या दिवशी नवरीने उपास धरायचा, असं काकीने जाहीर केलं. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. दोघांचाही मान राखून पुष्पाने गोळ्या कपाटात ठेवल्या.

दुपारी चिकूच्या वाडीत घातलेल्या मांडवात सोनल पाटावर बसली. हातात नारळ दिला. विधी संपेपर्यंत तो खाली ठेवायचा नसतो, ही गोष्ट काकीला नेमकी त्याच वेळी आठवली. सुवासिनींनी पायाला, गुडघ्याला, खांद्याला हळद लावली. तोंडाचा मान काकीचा होता.

"काकी, तिथे नको."

"हळद जंतू मारते," काकीने जीवशास्त्राच्या शिक्षिकेला सांगितलं, आणि दोन्ही अंगठे पुळीच्या दोन बाजूंना रोवले.

सोनलने मान मागे खेचली. मागून दोघींनी ती प्रेमाने धरून ठेवली. ती ओरडली, पण डीजेने तेवढ्यात गाणं मोठं केलं होतं. आणि हळदीला नवरी ओरडते, त्यात कोणाला नवल वाटत नाही. पुष्पा समोरच उभी होती. तिने पदराने घाम पुसला, लेकीचा नव्हे, काकीचा.

"बघा बघा, किती साठलं होतं!" काकीने अंगठा वर धरला. बायकांनी जवळ येऊन तो कौतुकाने पाहिला. पुळी खरोखर बसली. काकीच्या हाताला गुण आहे, असं सर्वानुमते ठरलं.

शनिवारी सकाळी सोनलचं डोकं फुटायला आलं होतं. अंगात ताप होता, डावी पापणी जड झाली होती. मेकअपवाल्या वर्षाने पापणीवर दोन हात जास्त मारले आणि फोटोवाल्याला उजवीकडून घ्यायला सांगितलं.

"आई, मला दवाखान्यात ने," सोनल म्हणाली.

"आज?" पुष्पाने विचारलं. एवढ्या एका शब्दात हॉल, केटरर आणि सातशे पाहुणे मावले.

अक्षता पडल्यावर सोनलला उलटी झाली. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहून मनातल्या मनात महिने मोजले.

रविवारी सकाळी सरावलीला तिचा डावा डोळा पुढे आला होता. नवरदेव जतीनने चहाचा कप तिच्यापुढे धरला आणि दचकून म्हणाला, "अगं, डोळे काय वटारतेस? पहिल्याच दिवशी?"

वटारलेला डोळा दुपारपर्यंत खाली बसेना, हलेनासुद्धा, तेव्हा तिला वापीच्या एका खासगी रुग्णालयात नेलं.

ती वाचली. डावा डोळा गेला.

दोन्ही घरं खाटेभोवती जमली, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "पुळी दाबल्यामुळे जंतू आतल्या शिरेत गेले. पांढऱ्या पेशी त्यांच्या मागे गेल्या. त्यांनी जंतू अडकवायला जाळी टाकली. पण शिरेत त्या जाळ्यांत रक्तही अडकतं. गुठळी झाली आणि डोळ्यामागची शीर बंद पडली."

काकीने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे शीर बंद केली ती तिच्याच पेशींनी?"

"एका अर्थी हो, पण—"

"बघा!" काकी पुष्पाकडे वळली. "मी तर बाहेरच्या बाहेर काढत होते. आत जाऊन मी थोडीच जाळी टाकली?"

पुष्पाने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. लेकीचा डोळा गेला होता, पण जावेशी भांडण्याचा प्रसंग टळला होता.

जतीनच्या आईला मात्र वेगळाच घोर लागला. "स्वतःचंच रक्त स्वतःवर उलटतं, हा दोष लग्नाआधी सांगायचा असतो. उद्या मुलांत उतरला म्हणजे? आम्ही तिला आत्ताच नेत नाही. आधी हिचं रक्त तपासून आणा, मग बघू." जतीनने आईकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. खाटेकडे पाहायचं राहून गेलं.

"दोष नाही हो हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणाच्याही पेशी हेच करतील."

"आमच्यात कोणाच्या पेशींनी असं केलं नाही," जतीनची आई म्हणाली.

तेव्हा सोनलने उशीवरून मान वळवली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण वर्गातला ठामपणा अजून होता.

"मॅडम, या सगळ्यांसमोर सांगा. पुळी दाबली नसती तर?"

डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या, त्यामुळे खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "बहुधा गोळ्यांनी बसली असती."

पुष्पाने जावेकडे पाहिलं.

"बहुधा," काकी म्हणाली. "म्हणजे नक्की नाही."

आणि सोनल सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या.