दुसरीची चादर करपेपर्यंत

हसण्याच्या नादात थोरलीची चादर करपली, आणि तिला हसवलं होतं तिच्याच धाकट्या जावेनं.

दोघी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला होत्या. टेबलं शेजारी-शेजारी. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे अभ्रे, दिवसभर तेच. धाकटीचा हात चालायचा त्याच्या दुप्पट तिची जीभ चालायची. त्या दुपारी ती गाठोडी न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याची नक्कल करत होती. "बघा हो जाऊबाई, पोट आधी दारातून आत येतं, मागून हा येतो, 'मी पण आलोय' म्हणून सांगत." थोरली हसून हसून टेबलावर वाकली. इस्त्री होती तिथेच राहिली.

वास सगळ्यांना एकदमच आला. खोलीतला हशा पट्‌कन विझला.

आक्का, म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी बाई, सावकाश उठली. तिनं चादर उचलून धरली. मधोमध तपकिरी डाग, इस्त्रीच्या आकाराचा. थोरलीकडे न बघताच ती म्हणाली, "झाली मुकी."

त्या खोलीची ही रीत होती. जिची चादर करपेल ती मुकी. दुसरीची करपेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. कामावर नाही, रस्त्यात नाही, घरी नाही. तिनं बोलायला हरकत नव्हती. उत्तर मात्र कुणी द्यायचं नाही. रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, बोलण्याच्या नादात एकदा आग लागली होती. कुणी म्हणे, छे, तेव्हा तर ही खोलीच नव्हती. विचारलं तर आक्का म्हणायची, "मीही झाले होते मुकी. मेले का?" आणि पुढे कुणी विचारत नसे.

थोरली मुकी झाली त्याच क्षणी आधीची मुकी सुटली. ती एक चष्मेवाली होती. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. "अगं ये बाई! किती वाळलीस!" चष्मेवाली रडत होती, हसत होती, सगळ्यांचे हात धरत होती. कालपर्यंत याच बायकांनी तिच्याकडे पाठ केली होती. थोरलीनंही केली होती. त्यात वावगं काही आहे असं तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

'घरी तरी धाकटी बोलेल,' असं म्हणत थोरली संध्याकाळी जिना चढली.

जावा-जावा आणि उभा दावा असं लोक म्हणतात. या दोघींनीही एके काळी भांडून चाळ डोक्यावर घेतली होती. पण दोन्ही भाऊ एकामागोमाग गेले, आणि एक खोली, एक चूल आणि दोन बायका एवढंच मागे उरलं. तेव्हापासून भांडण नुसतं चवीपुरतं उरलं होतं. थोरलीला दुसरं कुणी नव्हतं. धाकटीची बडबड हेच तिचं माहेर आणि तेच तिचं गणगोत.

"काय गं, भाजी काय करू?" तिनं विचारलं.

धाकटीनं ताटं मांडली. पाणी ठेवलं. मान वर केली नाही.

"अगं, इथे कोण बघतंय?"

धाकटीनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती भिंतीकडे तोंड करून जेवली.

असे कितीतरी दिवस गेले. धाकटी तिची काळजी घ्यायची, त्यात कसूर नव्हती. उशी झटकून ठेवायची, सकाळी तिचा डबा आधी भरायची. थोरलीला खोकला आला तर पाणी तापवून तिच्या हाताशी ठेवायची. फक्त शब्द नाही. पोटाची भूक भाकरीनं भागते. कानाची भूक भागवायला माणूसच लागतं.

थोरली फळीवरच्या देवाशी बोलू लागली. "तूही मुकाच म्हणा," ती त्याला म्हणाली. "पण तू दगडाचा आहेस, तुला माफ आहे." देवाशी माणूस बोलतो तेव्हा उत्तराची घाई नसते. तो ऐकतो आहे एवढा भरवसा पुरतो. पण जिवंत माणूस हातभर अंतरावर बसून ऐकतं आणि उत्तर देत नाही, तेव्हा आपण आहोत की नाही याचीच शंका यायला लागते. थोरलीला यायला लागली. एका सकाळी स्वतःचा आवाज तपासायला ती नळाखाली हात धरून नुसतंच "हो, हो" म्हणाली. आवाज गंजल्यासारखा आला.

धाकटी दारात उभी राहून ते ऐकत होती.

त्याच दिवशी दुपारी धाकटीनं चादर पसरली, तिच्यावर इस्त्री ठेवली आणि हात मागे बांधले. धूर निघेपर्यंत ती तशीच उभी राहिली. थोरलीनं ते बघितलं. तिला सगळं कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"झाली मुकी," आक्का म्हणाली. लगेच सगळ्या थोरलीकडे वळल्या. "या हो थोरल्या वहिनी! बोला काहीतरी!" चष्मेवालीनं तिला मिठीच मारली. इतक्या आवाजांची सवय गेलेली; थोरलीला गरगरलं.

संध्याकाळी जिन्यावरच धाकटीनं बोलायला सुरुवात केली. किती साठलं होतं तिच्याकडे! गाडीवाल्याचं पोट, खालच्या बाईचं मांजर, स्वप्नात आलेले दोघींचे नवरे. "आणि ऐका ना जाऊबाई, तुमचे हे स्वप्नात मला म्हणाले, तिला सांग, माझा कोट विकू नकोस, मी अजून आलो तर? म्हटलं, भावोजी, मेल्यावर थंडी वाजते होय?" ती हसली, आणि थांबली. "हसा की."

थोरलीला हसू फुटत होतं. तिनं ओठ दातांखाली धरले.

"जाऊबाई, मी तुमच्यासाठी जाळली ती चादर. आता तुम्ही तरी बोला."

थोरलीनं ताटं मांडली. पाणी ठेवलं. रीत मोडावी असं तिच्या मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण ते उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या परक्या माणसासारखं. 'आत ये' म्हणायचं धैर्य तिला झालं नाही. तिला एवढंच सुचलं, जे धाकटीला सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चादर पसरली आणि इस्त्री वर दाबून धरली.

"अहो जाऊबाई, नको!"

धाकटी ओरडली होती. टेबल ओलांडून तिनं थोरलीचा हात ओढला. इस्त्री खाली पडली. पण चादर केव्हाच करपली होती, म्हणजे मुकी थोरली झाली होती, आणि धाकटी मुकीशी बोलली होती. धाकटीनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

असं त्या खोलीत कधी झालं नव्हतं. सगळ्या आक्काकडे बघू लागल्या. आक्काला पुढची रीत माहीत नव्हती, कारण पुढे काही रीतच नव्हती. बराच वेळ तिचा हात चादरीवरून फिरत राहिला. शेवटी ती म्हणाली, "गडबडीत सुटलं तोंडातून. नाही धरत आम्ही. पण आता गप्प राहा हो."

सगळ्या आपापल्या टेबलाशी वळल्या. थोरली धाकटीकडे बघत होती. तिचा एक शब्द, फक्त एक, आणि ही दुपार वेगळी झाली असती.

धाकटीनं मान खाली घातली आणि पुढची चादर ओढली.

संध्याकाळी थोरलीच म्हणाली, "'नको' म्हणालीस ना, तेवढं पुरे. त्यावर काढीन मी दिवस."

धाकटी उठली. तिनं दाराला कडी घातली. खिडकी लावली. थोरलीच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे."

"असू दे," थोरली म्हणाली, तितक्याच बारीक आवाजात. "बोल अजून."

आणि धाकटी बोलली. चोरट्यासारखी, दाराकडे कान ठेवून, पण बोलली.

सकाळी दोघी बरोबरच जिना उतरल्या. कोपऱ्यावर चष्मेवाली दिसली तशी धाकटीनं पावलं उचलली. "हळू गं, पडशील," थोरली म्हणाली. धाकटी मागे न बघता चष्मेवालीजवळ गेली, आणि गप्पा मारत दोघी लाँड्रीकडे वळल्या. थोरली त्यांच्या मागून एकटीच चालत राहिली.