सोफ्याखाली दबलेली वायर

मित्रांनो, दारामागच्या चपलांच्या कपाटावर दोन शिंगं वर करून बसलेला एक पिवळट डबा दिसतो ना, तो मी. मी या घरातला जुना राउटर आहे.

माझा जन्म एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर झाला. एका बाईंनी माझे स्क्रू आवळले, दिवे लागतात का ते पाहिलं आणि मला खोक्यात निजवलं. या घरात आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! घरातले आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे हिरवे दिवे दाखवायचे. पुढे ते कौतुक आटलं. माझ्या पाठीवर किल्ल्या, रुमाल, कधी ओली छत्रीसुद्धा येऊन बसू लागली. नेट चालू असलं की मला कुणी विचारत नाही आणि गेलं की पहिली चापट मलाच.

पण मला सांगायचं आहे ते घरातल्या सुनेविषयी. आजारपणात वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवते. तिचे पेशंट तिला ताई म्हणतात. मीही मनातल्या मनात तेच म्हणतो. ती आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसते आणि दूरदूरच्या माणसांचे अडखळते शब्द मी तिच्यापर्यंत आणून पोचवतो.

त्यांच्यात एक काका होते. जन्मभर बस चालवलेले. अर्धांगवायूने त्यांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ते दगड उचलावा तसा उचलत. अशातच माझी लाइन तुटू लागली. काकांचं तोंड उघडं, चित्र थिजलेलं, आवाज गायब. काका स्वतः थांबलेत की लाइन थांबली आहे, हे ताईंना पटकन कळेना.

एकदा जोडणी परत आली तेव्हा काका हात हलवून "नको, नको" अशी खूण करत होते.

शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "आता बस करू म्हणतायत. रोज अडकतात, रोज रडतात."

"काका, तुम्ही नाही अडकलात, लाइन अडकली होती," ताई म्हणाल्या.

काकांनी मान फिरवली. आजारी माणसाची समजूत काढायला सगळेच असं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"हा डबा भंगारात द्या," आजोबा सोफ्यावरून म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला.

ताईंनी मात्र मला चापट मारली नाही. पेशंटला तपासावं तसं त्यांनी मला तपासलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग वाट बघायची. आधी मला बंद करून पुन्हा चालू केलं. माझ्या पाठीवरचा पसारा हलवला. मग लॅपटॉप वायरने थेट मला जोडला. तरीही खंड पडला. म्हणजे मधल्या भिंतींमुळे सिग्नल अडत नव्हता. मग स्टूल ओढून त्या माझ्या दिव्यांकडे बघत बसल्या. आजोबा सोफ्यावर बसले आणि माझा एक दिवा लाल झाला. ते उठले, तो हिरवा झाला.

"बाबा, जरा परत बसता का?"

आजोबा बसले. दिवा पुन्हा लाल झाला.

बाहेरून येणारी वायर सोफ्याच्या मागच्या पायाखाली चेंगरली होती. ताईंचं काम सुरू झालं की आजोबा टीव्ही बंद करून, आवाज नको म्हणून तिथे अगदी गप्प बसून राहत! ताई हसल्या, पण त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. लाइनवाल्याने येऊन वायर बदलली आणि भिंतीच्या कडेने नेली.

त्याच संध्याकाळी आजोबांनी ताईंकडून काकांचा नंबर घेऊन स्वतः फोन लावला. "अहो, तुमचे शब्द माझ्या बुडाखाली अडकत होते. सूनबाई खोटं बोलली नव्हती. उद्या एकदा बसा."

पलीकडून काका हसल्याचा घोगरा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी काका बसले. त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं शांत झालं. ताईंनी उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. दिवे हिरवे होते. म्हणजे ही शांतता काकांची होती. ताई हनुवटीखाली हात ठेवून थांबल्या. घाई केली नाही, शब्द सुचवला नाही. इतक्या धीराचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग काका काकूंकडे वळले.

"अगं... ऐ... ऐकलंस का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "ऐकलं हो," त्या म्हणाल्या, "किती दिवसांनी."

तो आवाज वाटेत कुठेही न तुटता मी पोचवला. माझ्या आयुष्याचं त्या दिवशी सार्थक झालं.

मित्रांनो, आम्हाला मोकळ्या जागी ठेवा, आमच्या वायरीवर जड सामान ठेवू नका आणि चापट मारण्याआधी आमच्या दिव्यांकडे एकदा बघा. ते सगळे हिरवे असूनही समोरचं माणूस गप्प असलं, तर ताईंसारखं थांबा. शब्द वाटेत असेल.