चार आणि पाच नंबरच्या मधली फळी

जुनी प्लायवूडची फळी म्हणजे मी. पाऊण इंच जाड, पाच फूट उंच. नाक मुरडू नका, मित्रांनो. तलवारीला आत्मवृत्त असतं, देवळातल्या घंटेला असतं, मग फळीनंच काय घोडं मारलंय? उलट मी जे पाहिलं ते घंटेनं पाहिलेलं नाही. मला दोन्ही अंगांनी डोळे आहेत, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्यातरी झाडाची पातळ सालं एकावर एक डकवली आणि गरम दाबाखाली मला सपाट केलं. झाड कोणतं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. २००३ साली कोल्हापुरात, राजारामपुरीत, जोतीरामनं नेट कॅफे काढला. त्याच्या सुतारानं मला चार आणि पाच नंबरच्या कॅबिनच्या मधे उभं ठोकलं. सुरुवातीला काय माझी मिजास! जोतीराम रोज सकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की असली गुळगुळीत फळी अख्ख्या पेठेत न्हाय. पुढं गिऱ्हाईक वाढलं आणि फडकं हरवलं. कुणी मला च्युइंगम डकवलं, कुणी बदामात नावं कोरली. मीही सोसत राहिले. फळीचा धर्मच तो.

चार नंबरात दर गुरुवारी रूपाली यायची. हातकणंगल्याची. घरी चार म्हशी, वडील डेअरीला दूध घालणारे. ती इथं टायपिंगच्या क्लासला यायची आणि क्लास सुटला की परतीच्या गाडीपर्यंत तासभर नेटवरचे गेम खेळायची. फुकटातले, ब्राउझरमध्ये उघडणारे, छोटे छोटे गेम. खेळून झालं की टेबलाखाली वाकून, जोतीरामला दिसणार नाही अशा जागी, बॉलपेननं माझ्यावर आपलं मत लिहायची. मत कसलं, निकालच म्हणा.

फुगे फोडायच्या गेमबद्दल तिनं लिहिलं, ‘बोट दुखतं, पण डोकं रिकामं हुतं. चांगला हाय.’ बाहुलीला कपडे घालायच्या गेमला लिहिलं, ‘घरात धुणं काय कमी हाय?’ एक हॉटेलचा गेम होता, त्यात वाढपी बनून पळापळ करायची. त्यावर, ‘गिऱ्हाईक पाच सेकंदांत चिडून उठतं. आमच्या स्टॅंडजवळच्या खानावळीत माणूस अर्धा तास रश्श्याची वाट बघतो आणि वर कांदा मागतो.’ आणि ज्या गेमला शेवटच नाही अशा एकाला तर तिनं सरळ झोपवलं, ‘शेवट नसलेल्याला गेम म्हणायचं न्हाय. त्याला घरकाम म्हणायचं.’

मला तिचं लिहिणं फार आवडायचं. खोटं एक अक्षर नाही. वर्तमानपत्रात मोठमोठी परीक्षणं लिहिणाऱ्यांना जे जमत नाही, ते ही पोरगी टेबलाखाली वाकून करत होती.

पाच नंबरात तोहिद बसायचा. बाबालाल पेंटरचा मुलगा, चोवीस वर्षांचा. बाबालालनं उभ्या आयुष्यात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण गावात फ्लेक्स आला आणि ब्रश वाळायला लागला. तोहिदचा हात बापापेक्षा सरस. तो सीडीवरून बघून बघून गेम बनवायला शिकला होता, आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आधी जमू दे, मग सांगू, असा त्याचा हिशेब.

दोघं एकमेकांना फक्त आवाजानं ओळखत. तोहिदची खुर्ची मागं सरकली की मला धडकायची आणि रूपालीचा माऊस हलायचा. एकदा ती माझ्या डोक्यावरून म्हणाली, “ओ पावणं, मोडूनच टाका की फळी. दोन्ही कॅबिनचं एकच भाडं जाईल.” तोहिद म्हणाला, “चुकलं ताई.” त्यावर ती, “ताई नगा म्हणू, माऊस नीट चालू द्या तेवढं.” दोघंही आपापल्या बाजूला हसले. मला दोन्ही हसू दिसली.

२००६ साली तोहिदचा गेम तयार झाला. विषय आपला, गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा. समोर म्हैस, खाली ग्लास, पलीकडं धारोष्ण दूध प्यायला आलेली पैलवान मंडळी. माऊस योग्य ठेक्यात दाबला तर फेसाळ ग्लास भरतो, घाई केली तर म्हैस लाथ घालते. म्हशीच्या पापण्यासुद्धा हलायच्या. त्यानं तो गेमांच्या एका वेबसाइटवर चढवला. पुण्यातल्या एका कंपनीनं त्याला कळवलं होतं, की गेम आणि त्याखाली खेळणाऱ्यांनी दिलेली मतं आम्हाला दाखव, मग नोकरीचं बोलू. त्याचं सगळं त्या मतांवर अडलं होतं. चार दिवस तो पान उघडून बघत होता. परदेशातल्या कुणीकुणी चांदण्या दिल्या होत्या, पण शब्द कुणी लिहीत नव्हतं.

गुरुवारी रूपालीला तो गेम सापडला. दूध कट्टा पाहून ती खुर्चीतच सरळ झाली. एका बैठकीत अकरा वेळा खेळली. मी मोजलं. मग खालच्या रकान्यात, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत तिनं ठोकून दिलं, ‘ज्यानं हा गेम केला त्यानं म्हैस जन्मात पाळलेली न्हाय. रेडकू न सोडता, कासेला पाणी न लावता पान्हा सुटतो व्हय? शिकून ये आणि मग कर.’ आणि पाचातली एकच चांदणी.

रकान्यात मावतील तेवढी अक्षरं संपली होती, गाडीची वेळ होत आली होती. ती टेबलाखाली वाकली आणि उरलेलं माझ्यावर लिहिलं, ‘म्हशीचं सोडलं तर असला गेम मी बघितला न्हाय. आपल्या गावचा वाटतो. करणाऱ्याच्या हातात जादू हाय. दुरुस्त केला तर पाच चांदण्या देणार.’

पाऊण इंच, मित्रांनो. फक्त पाऊण इंच. माझ्या त्या अंगाला तोहिद आपल्या पडद्यावर पहिलं मत वाचत होता, आणि दुसरं माझ्या पाठीवर ओलं होतं.

परदेशी माणसाचं त्यानं मनाला लावून घेतलं नसतं. पण हे आपल्या भाषेतलं, आपल्याकडच्या माणसाचं, आणि खरंही होतं. त्यानं कट्ट्यावर जाऊन म्हैस काढली होती ती चित्रापुरती. पान्हा त्याला ठाऊकच नव्हता.

तेवढ्यात रूपालीचा पडदा अडकला. तिनं विचारलं, “पावणं, तुमच्यात नेट चालू हाय का?”

“हाय.”

“आवाज का बसलाय?”

“सर्दी झालीया.”

“मग आल्याचा चहा घ्या की,” म्हणून ती गाडीसाठी पळाली. तोहिदनं गेम वेबसाइटवरून काढला, पुण्याला काहीच पाठवलं नाही, आणि परत पाच नंबरात बसला नाही. पुढच्या गुरुवारी रूपालीनं सगळीकडं तो गेम शोधला. मग माझ्यावर लिहिलं, ‘खुळ्यानं काढलाच की. मी दुरुस्त कर म्हटलं हुतं.’ महिन्याभरात तिचा क्लास संपला. तीही आली नाही.

मी फळी नसते तर ओरडले असते. ते मला जमलं नाही, ह्याची बोच अजून जात नाही.

२००९ साली वरून हुकूम आला की कॅफेतल्या कॅबिन काढा, सगळं उघडं ठेवा. जोतीरामनं मला उखडून फुटपाथवर टाकलं. तिथून बाबालालनं उचललं. एका पंक्चरवाल्याला अजून हातानं रंगवलेली पाटी हवी होती. अंगणात मला आडवं टाकून तो पॉलिश पेपर घासणार, तर त्याला खालची अक्षरं दिसली. चष्मा लावून त्यानं मोठ्यानं वाचलं. म्हशीचा गेम, पाच चांदण्या. तोहिद तेव्हा फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाच्या साहेबांना गॉगल चिकटवायचं काम करत होता. जेवायला घरी आला होता. हातातला घास ताटात ठेवून तो उठून आला आणि उकिडवा बसला.

“अब्बा, हा माझा गेम हाय.”

“कसला गेम? तू कवा केलास?”

तोहिदनं पहिल्यांदा बापाला सगळं सांगितलं, गेमचं, त्या एका चांदणीचं आणि चार नंबरात बसणाऱ्या पोरीचं. बाबालाल बराच वेळ माझ्यावर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “एवढं आवडलं हुतं, तर त्या पोरीनं सांगायचं न्हाय व्हय?”

“सांगितलं की. फळीला.”

पॉलिश पेपर त्यानं बापाच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, पाटी दुसऱ्या अंगावर रंगवा. गेम त्यानं परत केला नाही. फाइल तीन वर्षांपूर्वीच पुसली होती, आणि ती जिद्दही.

आता मी शिरोली नाक्यावर पंक्चरवाल्याची पाटी होऊन उन्हापावसात उभी आहे. कडा फुगल्यात, थर सुटायला लागलेत. मला कुणी रंग लावावा, जपावं, असं मी मागत नाही. दुसरंच मागते. मित्रांनो, कुणाचं काम चुकलं असेल तर खुशाल झाडा. कोल्हापुरात शिवीला कुणी घाबरत नाही. पण आपल्यात एक खोड आहे, शिवी चारचौघांत द्यायची आणि शाबासकी मनात ठेवायची, म्हणे माणूस चढून बसतो. कुणी चढून बसत नाही हो. माणूस उठून निघून जातो. म्हणून जिथं वाईट लिहाल तिथंच चांगलंही लिहा. आणि माणूस पलीकडंच बसला असेल तर फळीला वळसा घालून जा. तो वळसा चार पावलांचाच होता.