भैरंग हसत नव्हता

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी थंड पाण्यानं आंघोळ केली, तुळशीपुढं दिवा लावला आणि कार्तिकाचा नेम धरला. महिनाभर खोटं बोलणार नाही, खोटं लिहिणार नाही, आवाज चढवणार नाही, कुणावर राग धरणार नाही. दरवर्षीचाच नेम. पण त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, तिसऱ्याच दिवशी तो माझ्या गळ्याशी आला.

आमच्या घरी कादंबऱ्या लिहायचे आमचे हे, एकनाथराव. दिवसा महसूल कचेरीत कारकून. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, मराठी लिहायचे ते मोडीत. सुलतान बाजारातल्या छापखान्यात मोडी कुणाला लागत नसे. मला माझ्या वडिलांनी मोडी शिकवलेली. म्हणून यांनी लिहायचं आणि मी रोज पूजा झाली की पाच पानं बाळबोधीत उतरवून द्यायची. 'सातदारी किल्ल्या'चे तिन्ही भाग असेच माझ्या हातून गेले.

जादूगाराचा किल्ला, त्याला सात दारं. प्रत्येक दार आत येणाऱ्याकडून काहीतरी मागून घेणार, कुणाची सावली, कुणाचं नाव. चौथ्या दारावर भैरंग नावाचा दरवान. लेकीच्या जिवासाठी त्यानं स्वतःची सावली जादूगाराला दिलेली. पहिल्या भागात तो माणसं पकडून देतो. दुसऱ्यात राजपुत्राच्या आईला कणगीत लपवतो. तिसऱ्यात एकाच दिवशी दोन्ही करतो आणि कुणाची माफी मागत नाही. नारायणगुड्याच्या वाचनालयात बायका त्याच्यावरून भांडायच्या. एक म्हणायची त्याला फाशी द्या, दुसरी म्हणायची, तुझ्या लेकीवर येऊ दे, मग सांग.

भैरंग कोण, ते या घरात दोघांनाच ठाऊक होतं. आणि समोरच्या हाजराबीला.

अठ्ठेचाळीस साली गौलीगुड्याच्या आमच्या गल्लीचा पहारेकरी होता मदारसाब, हाजराबीचा नवरा. त्यानं रझाकारांचा खाकी डगला चढवला होता. शेजारच्या दत्तोबांचं दार त्यानंच दाखवलं. दत्तोबा चार महिने तुरुंगात होते, सुटले ते पाय ओढत. दत्तोबांना धरलं त्याच आठवड्यात त्यानं मला आणि माझ्या अकरा दिवसांच्या लेकीला आपल्या सरपणाच्या खोलीत तीन दिवस ठेवलं. मी कुणाच्या हातचं पाणी घेत नाही म्हणून नवी कोरी घागर आणली आणि आडावर मला एकटीला सोडून स्वतः पाठ करून उभा राहिला. पुढं तो तापानं गेला. शेवटपर्यंत ना दत्तोबांकडं गेला, ना आमच्याकडं.

तर नेमाच्या तिसऱ्या दिवशी मी चौथ्या भागाची पानं हातात घेतली. पाचव्या पानावर भैरंग आला. दात काळे. डोळे लाल. दारात सापडलेलं तान्हं पोर त्यानं उचललं, खंदकात टाकलं आणि खदाखदा हसला.

तीन भागांत तो एकदाही हसला नव्हता.

मी लेखणी खाली ठेवली. रागानं, दुसरं काही नाही.

"अहो, हे कोण?"

"कोण म्हणजे? भैरंग."

"हा नव्हे."

ते ट्रंक भरत होते. भाषावार राज्यं होणार म्हणून एक नोव्हेंबरला औरंगाबादला हजर व्हायचा हुकूम आलेला. छापखान्याचे मालक मुकुंदरावही यंत्रं घेऊन तिकडंच निघालेले. "मुकुंदराव म्हणतात, आता राज्य बदललं, वाचक बदलला. चांगला तो चांगला, वाईट तो वाईट, असं पाहिजे. आणि तिकडं मला ओळखतंय कोण? या पुस्तकावर चार माणसं दारात येतील."

"माझा नेम आहे. खोटं लिहिणार नाही."

हे हसायलाच लागले. "अगं, जादूच्या किल्ल्याची गोष्ट! सगळीच खोटी की."

"किल्ला खोटा आहे. भैरंग खोटा नाही. आणि ते पोर कुणाचं? माझी लेक जिवंत आहे, शाळेत गेलीय."

ते चिडले. "त्यानं दत्तोबाचे पाय घालवले, ते विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून तर पहिल्या भागात माणसं धरून देणारा भैरंग मी मुकाट्यानं उतरवला. तेव्हा तुम्ही दोन्ही लिहीत होता. आता एकच का?"

मला गुपचूप बदल करता आला असता. छापून आल्यावरच यांना कळलं असतं. एकदा मनात आलंही. पण तेही खोटंच झालं असतं.

"प्रत्येक भाग छापायला देण्याआधी तुम्ही दुपारी घरात वाचून दाखवलाय," मी म्हटलं. "हाजराबी दर वेळी येते. उद्या तिच्यासमोर हा वाचा. वाचलात तर मी रात्रीचा दिवस करून उतरवून देईन."

दुसऱ्या दिवशी हाजराबी आली. ओढणी सावरत उंबऱ्याशी नेहमीच्या जागी बसली. "भाऊ, दरबान का क्या हुआ? सावली मिली क्या वापस?"

यांनी वाचायला घेतलं. चार पानं झरझर वाचली. पाचव्यावर आवाज बारीक झाला. पोर उचललं, इथपर्यंत आले. पाणी प्याले. खंदकाचं वाक्य तोंडातल्या तोंडात संपवलं. "आणि तो खदाखदा..."

"वो हंसते नईं थे, भाऊ," हाजराबी म्हणाली.

बस, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. 'वो' म्हणाली, नवऱ्याचं नाव न घेता, पण भैरंग कोण ते पहिल्यांदाच उघड बोललं गेलं. यांनी पानं मिटली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मुकुंदराव आले. "चौथा भाग होणार नाही," हे म्हणाले.

"कैकू परेशान होता, एकनाथराव? नका लिहू. भैरंग माझ्या छापखान्यातला आहे. दुसरा कुणीही लिहील. वाचकाला नाव तेच लागतं."

तेव्हा मात्र मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले. माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. "मुकुंदराव! लिहा की. खुशाल लिहा. पण त्याचं नाव बदला. ज्याच्या घरातून मी पोर जिवंत घेऊन आले, त्याच्या हातून तुम्ही पोर मारता? लाज वाटू द्या!"

"वहिनींचा उपास आहे वाटतं," असं म्हणून ते चपला शोधायला लागले.

नेम असा मोडला. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी मी निर्जळी केली. पश्चात्ताप मात्र झाला नाही.

निघायच्या दिवशी तिसऱ्या भागाची माझी प्रत मी हाजराबीला दिली. तिला मराठी वाचता येत नाही. तिनं ती ओढणीत गुंडाळली. "इसमेंच रहने दो उनको," म्हणाली.

संक्रांतीला औरंगाबादच्या दुकानात चौथा भाग टांगलेला दिसला. मुखपृष्ठावर काळे दात, हसणारं तोंड, खाली भलत्याच लेखकाचं नाव. हे पुढं गेले. मी तिथंच उभी राहिले, दुकानदार "काय देऊ बाई?" म्हणेपर्यंत.

दर कार्तिकात नेम धरताना एक वाक्य मी आता म्हणत नाही. कुणावर राग धरणार नाही, हे. ते म्हटलं तर खोटं होईल.