हेमराज साइटवर पडला

दुर्गा मेश्राम ठेकेदार कशी झाली, हे खुर्सीपार वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. रंग-प्लास्टरचा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, देवानंदचा. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मजूर रिकामे बसू नयेत म्हणून ती साइटवर उभी राहिली आणि मग उभीच राहिली.

स्मृति नगरात एका बिल्डरची इमारत होत होती. बाहेरचं प्लास्टर दुर्गाकडे होतं. काम उरकत आलं, बिल सहीसाठी गेलं, आणि त्याच आठवड्यात तिचा मजूर हेमराज परांचीवरून खाली पडला. वाळूच्या ढिगानं जीव वाचवला, पण मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

बिल्डरचा मॅनेजर राजकुमार दवाखान्याच्या दारातच तिची वाट पाहत होता.

"वहिनी, हा घरी पडला असं सांगा. साइटचं नाव आलं का चौकशी लागते. मंग साहेब तुमच्या बिलावर सही नाही करत."

"अन् त्याच्या विम्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही पाहा."

मजुरांचा विमा दुर्गानं हट्टानं काढला होता. पण तो कामावरच्या अपघाताचा. घरी पडलेल्या माणसाला त्यातून दमडी मिळणार नव्हती.

ती आत गेली. हेमराज वेदनेनं पांढराफटक पडला होता. उशाशी बसलेली त्याची बायको रुक्मा काहीच बोलली नाही, फक्त दुर्गाकडे पाहत राहिली. त्या नजरेपुढे दुर्गाला उभं राहवेना.

घरी तिनं देवानंदला सगळं सांगितलं. तो घाबरलाच.

"बिल अडकलं तं बाकीच्या मजुरांले काय देशील? त्याईच्या घरी चुली नाहीत का?"

"बिलासाठी मले भांडता येते. हेमराजनं कोणाशी भांडावं?"

मग देवानंदनंच फोन उचलला आणि विमा एजंटला लावला.

चौकशीला साइटवर विमा कंपनीची मृणाल नावाची तरुण अधिकारी आली. राजकुमारनं तोंड वर करून सांगितलं, "मॅडम, त्या दिवशी हा माणूस इकडे आलाच नव्हता."

मजूर जरा लांब उभे होते. त्यांचे पैसेही त्याच बिलात अडकले होते. ते गप्प राहिले असते तर तिनं त्यांना दोष दिला नसता. पण म्हातारा मिस्त्री चंपत थापी खाली ठेवून पुढे आला.

"आला कसा नव्हता? माझ्या बाजूलेच काम करून राहिला होता. मीच त्याले उचललं."

मग त्याच्यामागून एकेक जण आला. माल चढवणाऱ्या बायाही आल्या. मृणालनं प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतलं. राजकुमार फोनवर बोलत बोलत गेटकडे सरकला.

बिल अडलंच. दुर्गानं मजुरांना लपवाछपवी न करता सांगितलं आणि होतं-नव्हतं ते वाटून दिलं. दोघे काम सोडून गेले, बाकीचे राहिले. ती दुर्ग शहरात एका वकिलाकडे गेली. लहान धंदेवाल्यांचे पैसे थकवले तर सरकारकडे दाद मागता येते, हे तिला तिथे कळलं. तक्रार गेली. बिल्डरला नोटीस आली, तसा त्याचा आवाज मऊ झाला.

दरम्यान विमा मंजूर झाला. ऑपरेशनचा खर्च निघाला, हेमराजला काम बुडाल्या दिवसांची भरपाई मिळाली. त्या दिवशी रुक्मा पहिल्यांदा बोलली, आपल्या बोलीत, "दीदी, घर मा चाय पीये बर आवव." चहाला घरी या, एवढंच. दुर्गाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बिलाचे पैसे दिवाळीच्या तोंडावर आले, तेही थोडे कापून. कापलेल्या पैशांसाठी भांडण अजून चालूच आहे, आणि दुर्गा ते सोडणार नाही. मजुरांची बाकी मात्र तिनं त्याच संध्याकाळी चुकती केली.

आता दुर्ग स्टेशनजवळ शाळेच्या इमारतीचं काम लागलंय. परवा देवानंद काठी टेकत तिथे आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कोपरा जरासा फुगला इथं."

"मंग काय पाहून राहिले?" दुर्गा हसून म्हणाली. "घ्या थापी."